आत्याने पाहुण्याला विचारलेले प्रश्न

कुंभकोणमला दारावर वांगी विकायला येणाऱ्या बाईलासुद्धा आप्पा तिचं गाव, सासर आणि थोरल्या मुलाची नोकरी विचारत आणि मगच वांग्यांना हात लावत. मुलगी बघायला आलेल्यांची तर उलटतपासणीच चाले. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, आजोबा कशाने गेले, घरात मोठ्याने कोण ओरडतं. असले चौकस आम्ही लोक एका माणसापुढे मात्र तोंडाला कुलूप लावून बसलो, कारण तो शुद्ध मराठी बोलत होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका एकादशीला तो आमच्या मठातल्या भजनाला आला. क्रीम रंगाचा सफारी, तेल न लावलेले केस. भजन संपल्यावर उभा राहून म्हणाला, "महाराष्ट्रापासून इतक्या दूर तुम्ही मराठी जिवंत ठेवलीत. माझी आई रेडिओवर भजनं ऐकून रडते. आज मला माझी माणसं भेटली." म्हातारे रडले. एका आजोबांनी तर त्याला ताडपत्राच्या पंख्याने वारा घातला. यमाच्या दूताला वारा घालणारे ते पहिलेच असावेत.

आमची मराठी तंजावरी, शेकडो वर्षांमागची, तमिळ हेल असलेली. आप्पांनी तोंड उघडलं की तो मान कलती करून हसे. "किती गोड! अगदी जुनी." दोनदा गोड ठरल्यावर आप्पा गप्प झाले. (घरातलं बोलणं इथे मी धुऊन, इस्त्री करून देते आहे. तुम्हालाही ते गोड वाटायला नको.)

माझी थोरली बहीण, अक्का, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास होऊन घरी बसली होती. क्लासमध्ये तिच्या शेजारच्या मशीनवर साक्कोट्टैची एक मुलगी बसे, विधवा आईची एकुलती एक, तमिळ घरातली. दोघी जिवाच्या मैत्रिणी. पाहुण्याने दोघींना मुंबईच्या कंपनीत टायपिस्टची नोकरी देऊ केली. राहायला हॉस्टेल, जायचं तिकीट फुकट, फक्त सर्टिफिकेटं मूळची आणायची. अक्काला त्याने क्लासच्या जिन्यात आणखी एक गोष्ट देऊ केली होती. वर्षभरात लग्न. ती आरशासमोर उभी राहून त्याच्यासारखं मराठी बोलून बघायला लागली.

"कंपनीचं नाव तरी विचारा की," अम्मा स्वयंपाकघरात कुजबुजली.

"तूच विचार. मला तो परत गोड म्हणेल," आप्पा म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला, आणि नेमकी तिरुविसनल्लूरहून आत्या आली. आमच्यात भाचीच्या बाबतीत शेवटचा प्रश्न विचारायचा मान आत्याचा. ही आमची आत्या तर पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे प्रश्न स्वतःच विचारणारी. पान वाढलं तशी ती तमिळमध्ये म्हणाली, "मला येते ती मराठी म्हणजे याच्या लेखी गंमत आहे. मी तमिळमध्ये विचारते. पोरी, तू त्याला सांग."

अक्का लाजत, हसत, जणू माफी मागत सांगू लागली.

"आत्या विचारते, घरी कोण कोण असतं?"

"आई. बस्स."

"आत्या विचारते, आईशी बोलता येईल का? पोस्टातून ट्रंक कॉल लावू म्हणते."

"आईला ऐकू येत नाही."

आत्याने अप्पळम (तुमचा पापड) मोडला. "विचार, मग मठात म्हणाला की आई रेडिओवर भजनं ऐकून रडते, ती कोणाची आई?"

अक्काने विचारलं. तो हसला. मग त्याने भात मागितला.

"आत्या विचारते, कंपनीचा पत्ता द्या. आमचा एक नातेवाईक मुंबईला असतो, तो आधी बघून येईल." मुंबईत आमचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

"आत्या विचारते, सर्टिफिकेटं मूळचीच का? नक्कल का चालत नाही?"

एव्हाना अक्काचं हसू गेलं होतं. प्रश्न आत्याचे होते, पण ते तिच्या तोंडून निघत होते, आणि पहिल्यांदाच ती त्यांची उत्तरं ऐकत होती. पाहुणा तिच्याकडे झुकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "म्हातारीकडे लक्ष देऊ नकोस. उद्या सकाळी सर्टिफिकेटं घेऊन थेट स्टेशनवर ये. घरी काही बोलू नकोस."

अक्काने तेही सांगितलं. मोठ्याने, तमिळमध्ये, शब्द न शब्द.

अम्माच्या हातातलं रसम पानाबाहेर सांडलं. पाहुणा हात न धुता उठला आणि एका पायात स्वतःची, दुसऱ्यात आप्पांची चप्पल घालून गेला. (चपलेचा तपशील मी नंतर जोडला.) लग्नघरात मी हा किस्सा इथेच संपवते. लोक पोट धरून हसतात, आत्याला दाद देतात.

पुढचं लग्नघरात चालत नाही.

अक्का पदर खोचून मैत्रिणीला सांगायला साक्कोट्टैला निघाली. आप्पा दारात उभे राहिले. "तिच्या आईला काय सांगणार? तो तुला चोरून स्टेशनवर बोलावत होता, हे? तुला स्थळ कुठून आणू मग?"

"ती जाईल, आप्पा."

"तिला तिची माणसं आहेत."

अक्काने आत्याकडे बघितलं. आप्पांना दारातून हलवू शकणारी तेवढी एकच बाई होती. आत्या सुपारी कातरत होती. "आपली वाचली," ती म्हणाली. "बस खाली."

सकाळी मद्रासची गाडी गेली. अक्का मागच्या खोलीत होती आणि खोलीला बाहेरून कडी होती.

नव्वदच्या दशकात, अक्काला दोन मुलं झाल्यावर, ती मैत्रीण परत आली. मुंबईत पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला विकलं होतं. मग एका घरातून दुसऱ्या घरात. पोलिसांनी सोडवलेल्या मुलींबरोबर ती गावी पोचली, तोवर तिची आई गेली होती. आणि आमच्या गावाला वाचा फुटली. कुठे होतीस, कोणाकोणाबरोबर होतीस, पळून का नाही आलीस, आपल्या पायांनीच गेली होतीस ना? विहिरीच्या पाण्यापासून सगळं विचारणारी माणसं आम्ही. पाहुण्याला जे विचारायचं राहिलं होतं, ते तिला व्याजासकट विचारलं. आप्पासुद्धा म्हणाले, "शिकलेली मुलगी, साधा पत्ता विचारू नये?"

अक्का मला घेऊन तिला भेटायला गेली. मैत्रिणीने कॉफी केली, टंबलर पुढे ठेवले.

मग ती म्हणाली, "गाडीत मी तुझी जागा धरून ठेवली होती. खिडकीची. तो म्हणाला, तू पुढच्या स्टेशनवर चढशील. आडुतुरैला एक बाई बसायला आली, तिला उठवलं मी. मायवरमलाही भांडले एकाशी."

अक्काने टंबलर उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मायवरम गेल्यावर मी विचारलं त्याला, ती कुठे चढणार? एवढा एकच प्रश्न विचारला मी," ती म्हणाली. "कॉफी घे. निवते आहे."