कोपऱ्यातली फिकट कोंबडी

काकूंच्या नवऱ्याला अख्खी गल्ली ‘पक्षीवाले सर’ म्हणायची. आता खरं सांगायचं तर सरांना खिडकीत बसलेली चिमणी कोणती आणि साळुंकी कोणती, तेही धड कळत नसे. सगळी हुशारी कागदावरच्या पक्ष्यांत! संग्रहालयात एक जुनं एचिंग, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र होतं, कुणा बड्या जमीनदाराच्या अंगणातल्या पक्ष्यांचं, आणि त्यावर सर जन्मभर व्याख्यानं झोडत आले. ऐकणारी मंडळी नंतर घरी चहाला यायची, म्हणून काकू दर वेळी स्वयंपाकघरात. ते चित्र त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

निवृत्तीचं शेवटचं व्याख्यान ठरलं तेव्हा मात्र त्या हटूनच बसल्या. “या वेळी मी येणार म्हणजे येणार. एकदा बघू तरी द्या माझी सवत!”

संग्रहालयात गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. सर रंगात आले. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र कोरायचं, मग पत्रा तेजाबात सोडायचा. तेजाब रेघ जितका वेळ खाईल, तितकी ती कागदावर काळी उमटते. “मोर बघा, कसा काळाभोर! आणि कोपऱ्यातली ही कोंबडी? जेमतेम दिसते.”

“पत्रा झिजला असेल,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग शेजारचं गवतही पुसट झालं असतं. ते तर खणखणीत उमटलंय! म्हणजे कलाकारानं कोंबडीवर आधीच लाख फासली, तिला पुढे तेजाब लागूच दिलं नाही. मुद्दाम! अहो, ही कोंबडी म्हणजे त्या घरात राबणारी बाई आहे. सगळं घर तिच्या जिवावर चालतं, आणि तिच्याकडे बघत मात्र कुणी नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण उगाच कुढत बसलो, ह्यांना सगळं कळतं की! आता ते जवळ येऊन काहीतरी बोलतील. एक शब्द पुरे होता त्यांना.

सर आलेच, लगबगीनं. “अगं, तू अजून इथंच? पाहुणे आपल्या घरी निघालेसुद्धा! चहाचं कोण बघणार?”

काकूंनी पर्समधून घराची किल्ली काढून सरांच्या हातावर ठेवली.

“तुम्ही व्हा पुढे. मला चित्र बघायचंय.”

“अगं, पण साखर कुठं असते?”

“शोधा की. कोपऱ्यातलं तुम्हाला बरोबर दिसतं,” असं म्हणून काकू चष्मा पुसत चित्राकडे गेल्या.