कपाळावरची जांभळी खूण

लढाईच्या काळात मी नंदुरबारच्या तात्पुरत्या लष्करी दवाखान्यात आया होते. गाव कोरीट, शिक्षण चौथी. बंदूक कधी धरली नाही, पण नाव फौजेच्या हजेरीपटावर होतं. काम ठरलेलं. बूट काढायचे, भांडी उकळायची, चादरी बदलायच्या. पाठ सतत दुखायची.

जिजाबाई आमच्यात वयाने मोठ्या. दारी आलेल्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या दुपारी अक्कलकुव्याकडच्या घाटात रस्त्याचं काम करणाऱ्या पलटणीचा ट्रक उलटला. अँब्युलन्सच्या हवालदाराने पहिले चौघे आणले.

"हवालदारसाहेब, मानसे लई उनात का धूळ?" जिजाबाईंनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, माणसं आणलीत की धूळ.

"दोन्ही उतरवून घ्या, मावशी."

हवालदार दारातच सिस्टरला म्हणाला, "दोघांना वेदनेवरचा मॉर्फिया दिलाय. कपाळावर जांभळ्या शाईने 'एम' काढलाय. घाटात अजून माणसं आहेत."

"ठीक. जा."

मी दारात बूट काढत होते म्हणून ऐकलं; जिजाबाई आत गेल्या होत्या. गाडी गेली. सिस्टर एका जखमीबरोबर ऑपरेशनला गेली. कंपाउंडरला कोणी काही सांगितलं नाही. खूण नसेल त्याला मॉर्फियाची सुई, एवढंच त्याला ठाऊक. एकावर दुसरी पडली तर श्वास थांबतो.

मी बूट बाहेर ठेवून आत आले. जिजाबाई फडकं पिळत होत्या. पाणी जांभळं होतं.

मी कधी मोठ्याने बोलत नसे. तेव्हा ओरडले, "थांबा!"

कंपाउंडर दुसऱ्या खाटेशी होता. पहिल्या खाटेवरच्या जाल्याला सुई देऊन झाली होती. जाल्या तोरणमाळचा सिपाही. कण्हत काही सांगत होता, पण त्याची पावरी बोली वॉर्डात कोणालाच येत नव्हती.

हवालदार दुसरी खेप घेऊन आला. त्याने बोट दाखवलं, पहिलं जाल्याकडे. "हा आणि हा."

डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी जाल्याला हलवलं, गालांवर मारलं, हाका मारल्या. श्वास लांबत गेला. दिवस मावळायच्या आत थांबला.

"मी समजनू, शाई सांडेल शे," जिजाबाई म्हणाल्या. त्यांना कोणी रागावलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. आणणाऱ्याने खाटेपाशी यायचं, जखमीवर हात ठेवून काय दिलंय ते सांगायचं. घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं. मग गाडी हलवायची. तोंड त्यानंतर पुसायचं. दवाखाना मोडेपर्यंत आम्ही तसंच केलं.

जाल्याचा बाप डोंगर उतरून आला. बरोबर दुभाषी होता. बापाने चादर बाजूला केली, बराच वेळ पाहिलं आणि काही विचारलं.

दुभाषी म्हणाला, "पोराचं तोंड इतकं स्वच्छ कोणी केलं, म्हणतो."

जिजाबाई पुढे झाल्या.

म्हातारा वाकला आणि त्यांच्या पायाला हात लावला.