भुताच्या सिनेमातली अंगाई

युरोपातले जुने भीतिपट मी पाहिले ते परभणीत, रविवारी दुपारी, खिडक्यांना गोधड्या लावून. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी थापा मारतोय. वाटू दे. माझ्याबद्दल लोकांना आधीपासूनच काहीबाही वाटत आलं आहे.

मी कृषी विद्यापीठात कारकून होतो. समोरच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राचा भाऊ सौदीत होता. त्यानं येताना व्हीसीआर आणला आणि पिशवीभर कॅसेटी. भाऊ काही दर्दी माणूस नव्हता, हाताला लागलं ते उचललं होतं. त्यात निघाले इटलीचे, स्पेनचे असले सिनेमे, तोंडी इंग्रजी बोलणं आणि खाली अरबी अक्षरं. इंग्रजी दोघांनाही झेपत नव्हतं. अरबी अक्षरं मित्राला कुराणामुळे वाचता यायची, पण अर्थ लागत नव्हता. तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मी मान डोलवायचो.

तरीही काही अडलं नाही, कारण त्या सिनेमांत खरं बोलायचं ते संगीत. माणसं गोड हसत जेवायला बसलेली असायची आणि मागून पेटीचा एकच सूर खर्जात सुरू व्हायचा. मग कळायचं, या टेबलावर कुणीतरी कुणाचा तरी घात करणार. कधी तारेचं एखादं वाद्य टिकटिक करायचं, कधी एखादी बाई नुसतीच गुणगुणायची, शब्दांशिवाय. रक्त त्यांचं अगदी खोटं असायचं, हळदीकुंकवातल्या कुंकवासारखं लालभडक. संगीत मात्र खरं. मी त्याच्या प्रेमातच पडलो. त्या भागात या संगीताचा माझ्याइतका वेडा कुणी नसेल, हे मी छातीठोक सांगतो.

मी माझा टेप टीव्हीच्या तोंडाशी ठेवून ते संगीत भरून घ्यायचो. त्यामुळे माझ्या कॅसेटींत मित्राचा खोकला आहे आणि त्याच्या आईच्या कुकरची शिट्टी आहे. एका खुनाच्या बरोबर आधी ती शिट्टी वाजते आणि काय चपखल बसते!

त्या सिनेमांनी मला आणखी एक सवय लावली. समोरचा गोड बोलायला लागला की मी मनातल्या मनात तो खर्जातला सूर ऐकायला लागायचो. दिवसही तसेच होते. आमच्या नव्हे, त्या दुसऱ्या मोठ्या विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न लोंबकळत होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटीच्या काचा. अठ्ठ्याहत्तर साली त्याच भानगडीत सोनपेठकडच्या गावातलं आमचं घर जळालं होतं आणि आई-वडील सोनपेठलाच बहिणीकडे येऊन राहिले होते. परभणीत मला याआधी दोन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. कारण कुणीच सांगितलं नव्हतं. एकदा घरमालकाचा मेव्हणा येणार होता, एकदा भिंत पडायला आली होती. ती भिंत अजून उभी आहे.

माझं आडनाव असं, की ते पाटलाचंही असतं आणि आमचंही. त्यामुळे तेवढ्यावर कुणाचं भागायचं नाही. मग पुढचा प्रश्न यायचा, गाव कोणतं? आणि त्याच्या पुढचा, अगदी सहज विचारल्यासारखा, "गावात घर कुणाच्या शेजारी?" आमच्याकडे माणूस ओळखायची ही रीतच आहे. तिसऱ्या खोलीच्या घरमालकीणबाईंनीही विचारलं. मी म्हणालो, "नदीच्या बाजूला." खोटं नव्हतं. गोदावरीकाठच्या गावात अर्धं गाव नदीच्या बाजूलाच असतं.

या बाई विधवा होत्या. मी त्यांना काकू म्हणायचो. त्यांचं घर आणि माझी खोली यांच्यामध्ये एक भिंत. खोलीत मी फोटो लावला होता, आमच्या घरांत देवाच्या जागी असतो तो, निळ्या कोटातला. त्याच्यावर खिळ्याला टॉवेल अडकवलेला असायचा. ऑफिसला जाताना मी टॉवेल नीट आहे ना ते पाहायचो. याची मला लाज वाटायची आणि रागही यायचा, पण खोली हवी होती.

राहायला गेल्यावर आठवड्याभरातच काकू दारात. मी पेटीचं संगीत लावून बसलो होतो.

"भाऊ, तुमी किरिश्चन हाय का?"

"नाही काकू. का?"

"मंग हे चर्चमधलं कामून वाजवायलात?"

"सिनेमातलं आहे. इंग्रजी सिनेमा."

"सिनेमात गाणं आस्तंय, आसलं रडणं न्हाई आसत," असं म्हणून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि गेल्या. त्यांना पटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी काही वाजवलं की भिंतीपलीकडचा भांड्यांचा आवाज बंद व्हायचा. त्या ऐकत होत्या. त्या ऐकत आहेत हे मीही ऐकत होतो.

मग त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. लेकरू असं रडायचं की गल्ली हैराण. दृष्ट काढून झाली, घुटी देऊन झाली. एका संध्याकाळी मी एका सिनेमातली अंगाई लावली होती. त्या सिनेमाचं नाव आम्हाला कधी कळलंच नाही, कॅसेटची सुरुवात पुसली गेली होती. त्यात मोठ्या हवेलीत एक दाई कामाला येते आणि घरातल्या बाळापाशी बसून शब्दांशिवायची अंगाई गाते. इतकं गोड मी दुसरं काही ऐकलेलं नाही. फक्त शेवट जपावा लागायचा, कारण अंगाई तुटते तिथेच एक जीवघेणी किंकाळी आहे. मी नेहमी बटणावर बोट ठेवून बसायचो आणि त्याच्या आधी बंद करायचो.

त्या दिवशी बंद केलं आणि लक्षात आलं, पलीकडे शांतता आहे. लेकरू झोपलं होतं.

काकू पुन्हा दारात आल्या. मी म्हटलं, झालं, आता मेव्हणा येणार. पण त्या म्हणाल्या, "ते बाईचं पुन्यांदा लावा की. गाणं थांबलं आन लेकरू हाललं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझी ड्यूटी लागली. माझ्यासाठी भाकरी यायला लागली, ठेचा यायला लागला. लेक मला दादा म्हणायला लागली. मला आनंद झाला नाही असं नाही, पण मी भाकरी खाताना तो सूर ऐकायचोच. माझी पक्की समजूत झाली होती, की अंगाई आहे तोवर खोली आहे.

बारशाच्या दोन दिवस आधी काकू खोलीत आल्या. वरचा पंखा जोरात होता. टॉवेल एकदा हलला, पुन्हा हलला. काकू त्याच्याकडे पाहत होत्या की भिंतीवरच्या पालीकडे, मला ठरवता येईना. मग त्या फारच मऊ आवाजात म्हणाल्या, "भाऊ, बारशाला व्याह्याची माणसं येणार. लय चौकशा करत्यात वो ती. तुमी दोन दिस गावाकडं जाऊन या."

"बरं."

"पाव्हणे लय हायत, किल्ली बी ठिवा. आन टेप ठिवून जा. लेकराला लागतंय."

मला बोलावणं नव्हतं, माझ्या टेपला होतं. डोक्यात सणक गेली. वाटलं, कॅसेट घेऊन निघून जावं, रडू दे लेकरू. पण लेकराचं काय चुकलं होतं? आणि खोली जायची भीती होतीच. निघताना मी टेप लेकीच्या हातात दिला. बटणं दाखवली.

"गाणं संपत आलं की कुकरची शिट्टी ऐकू येईल. शिट्टी झाली की लगेच बंद करा. पुढं किंकाळी आहे, लेकरू दचकेल."

"कुणाची वो, दादा?"

"गाणारणीचीच. घरच्यांना कळतं, ती कुठल्या घरची आहे ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला माहीत होतं. दोघींना माहीत होतं.

सोनपेठच्या एसटीत मी स्वतःला बजावत होतो, की सिनेमे पाहून पाहून तू संशयी झालास. बहिणीकडे दोन दिवस तेच. आई म्हणाली, "जेव की नीट." मी जेवलो. चांगली माणसं आहेत, भाकरी देतात, असं मीच तिला सांगितलं.

परतलो तर माझं सामान ओसरीवर होतं. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, बादली, सगळं ओळीनं. ट्रंकेवर फोटो होता, माझ्याच टॉवेलात नीट गुंडाळलेला, काचेला ओरखडाही नाही. काकू उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या.

"जावई ऱ्हायला येणार हायत, भाऊ. खोली लागायलीय."

मी भांडलो नाही. कोपऱ्यावरून रिक्षा आणली. सामान चढवत होतो तेव्हा आतलं लेकरू रडायला लागलं आणि लगेच अंगाई सुरू झाली. टेप माझा, कॅसेट माझी. मागायला जिभेवर शब्द आले होते. पण लेकरू गप्प झालं आणि मीही तिथेच उभा राहिलो. मित्राचा खोकला ऐकू आला. मग कुकरची शिट्टी झाली.

खट्‌कन बटण दाबल्याचा आवाज आला आणि टेप बंद झाला. बरोबर जागेवर. मी शिकवलं तसं. रिक्षावाला म्हणाला, "चला ना साब." मी बसलो. त्या घरात ती किंकाळी कुणी कधीच ऐकली नसणार.