अण्णांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली मोटर

भूतंखेतं, अंगारे-धुपारे आमच्या घरात कधीच चालले नाहीत. आम्ही बौद्ध, त्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. मित्र असले किस्से सांगायला लागले की मी त्यांची टर उडवायचो. आता माझी कोणीही उडवावी...

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गुलमंडीजवळ अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. मी ते चालवावं ही त्यांची इच्छा. मी बिडकीनला कंपनीत लागलो. त्यांचं म्हणून मी कधी काही ऐकलंच नाही. मग गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली. आठ महिने एक शब्द नाही.

त्यांचा जुना, काचेच्या व्हॉल्वचा अ‍ॅम्प्लिफायर मी पलंगाशेजारी ठेवला होता. गाणी लावली की ते शांत पडून राहायचे. पण तो फार तापायचा. एका रविवारी दुपारी मी त्यात छोटा पंखा बसवायला घेतला, टेपरेकॉर्डरच्या मोटरचा. सप्लाय घेतला व्हॉल्व तापवणाऱ्या फिलामेंटच्या वायरवरून, मध्ये डायोड टाकून. फिलामेंटवर दुसरा लोड टाकायचा नाही, हा अण्णांचा दुकानातला नियम. तोही मोडला.

स्विच टाकला. पंखा फिरला, स्पीकरमधून घरघर सुरू झाली. इनपुटला काहीही जोडलेलं नव्हतं — हे मी दहादा तपासलंय. आणि त्या घरघरीतून अण्णांचा आवाज आला.

"बब्या, मोटर काढ रं."

मी पलंगाकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले, डोळ्यांतून पाणी. आई पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली.

"तुझे अण्णा बोलले का रं?"

मी इतका हरखलो होतो की विचारच केला नाही. खटकन वायर तोडली. म्हणालो, "काढली अण्णा. बोला."

काही नाही. पाच मिनिटांत तीच वायर, तोच डायोड, पुन्हा जोडलं. नुसती घरघर... दोन महिन्यांनी अण्णा गेले.

कंपनीतला मित्र म्हणतो, मोटरच्या स्पार्किंगमुळे एखादं रेडिओ स्टेशन पकडलं असेल. असेल बाबा. पण कुठल्या स्टेशनला माझं घरातलं नाव माहीत?

आई अजून रविवारी म्हणते, "लाव की रं ती मोटर." मी लावतो. ती पदर सावरून स्पीकरजवळ बसते, थोड्या वेळानं उठून आत जाते. तो आवाज कुठून आला, मला आजही कळलेलं नाही. मला एवढंच खातं... जन्मभर अण्णांचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं त्या दुपारी.