अक्काच्या प्रश्नांसकट

फोन आला तेव्हा मी छापखान्यात पत्रकाचं प्रूफ बघत उभा होतो. मथळ्यात माझ्या सवयीप्रमाणे तीन उद्गारचिन्हं होती. फोन अप्पांचा. अप्पा म्हणजे आमच्या नवीन जिल्हा मागणी समितीचे अध्यक्ष, लातुरात पाइप आणि नळांचं दुकान चालवणारे. त्यांचा आवाज असा, की दुकानात बोलले तर रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक वळून बघतं. त्या सकाळी मात्र तो इतका बारीक होता, की कोण बोलतंय म्हणून मला विचारावं लागलं. "महेश... आपली अक्का राहिली न्हाई रे." मी म्हणालो, "काय बोलून राहिलात अप्पा? शनिवारी येणार हाय ती." अप्पा म्हणाले, "डेंग्यू निघाला. पहाटंच गेली." प्रूफ तपासून द्यायचं राहिलं. छापखानेवाल्यानं ते तसंच छापलं, चुकांसकट. नंतर तो गठ्ठा मी कुणालाही वाटला नाही.

लातूरहून नांदेडच्या एसटीत बसलो. लोह्याला गाडी थांबली आणि हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. अक्का दर शनिवारी नांदेडहून लातूरला यायची आणि गाडी लोह्याच्या स्टँडातून बाहेर पडली की तिचा फोन यायचा, "लोहा सोडलं. चहाचं बघा." लातूर तिथून बरंच लांब. एवढ्या लवकर चहाचं काय बघायचं, असं मी दर वेळी म्हणायचो. ती म्हणायची, "पुढाऱ्यांना आधीच सांगावं लागतं. तुमचं निवेदन तयार होईपर्यंत मी पोचतेच." मला ती पुढारीच म्हणायची. त्या दिवशी गाडीनं लोहा सोडलं, आणि मी फोन हातात धरून तसाच बसलो.

दुष्काळात माणूस तहानेनं मरतो, असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं. त्यांना कळवळा मिरवायला भेगाळलेल्या जमिनीचा एक फोटो पुरतो. सांगतो ते ऐका. नळ कधी येईल त्याचा नेम नसतो, म्हणून माणूस मिळेल ते पाणी मिळेल त्यात भरून ठेवतो. निळ्या टिपाडात म्हणजे पिंपात, हौदात, बादल्यांत, कुकरमध्येसुद्धा. ते पाणी जपून वापरतो, म्हणजेच ते दिवसेंदिवस साचून राहतं. त्यात डास होतात. मग डेंग्यूनं तो माणूस मेला की कागदावर लिहितात ताप. दुष्काळ नाही, ताप. सुजाता अक्का दुष्काळात गेली, आणि कुठल्याही सरकारी आकड्यात ती दुष्काळाची म्हणून मोजली जाणार नाही. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर तिनंच खोडलं असतं, "आवाज खाली कर जरा," म्हणून.

ती देगलूरची. बौद्ध कुटुंब. वडील बाजारात मापाडी होते. तेलंगणाकडून आलेल्या शेतकऱ्याशी तेलुगूत, कर्नाटकवाल्याशी कन्नडात आणि अडत्याशी मराठीत, असे एकाच पोत्यावर तीन भाषा बोलायचे. अक्का नांदेडला कॉम्प्युटर शिकली आणि तिथल्याच एका कॉलेजात कंत्राटावर शिकवायला लागली. आमची गाठ पडली देगलूरच्या स्टँडवर. सीमेवरच्या गावांचा वेगळा जिल्हा झालाच पाहिजे, असं पत्रक मी वाटत होतो. लोक पत्रक घेतात आणि त्यात चिवडा खातात. हिनं उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, "चांगलं हाय. पण ह्यात माणूस कुठाय?" मी बोट ठेवून दाखवलं, इथं 'हजारो जनता' लिहिलंय. "हजारो जनतेला कुणी पाहिलंय का? एका बाईला कचेरीत जायला काय करावं लागतं, ते लिव्ह की." मी म्हणालो, त्या बायांना लिहायला येत नाही. "बोलता येतं ना?"

तिथून सुरू झालं. दर सुट्टीला अक्का आणि मी देगलूर-निलंग्याकडच्या शेवटच्या गावांत जायचो. ती फोन समोर धरायची आणि विचारायची. नाव सांगा. गाव सांगा. पाणी कुठनं आणता? कलेक्टर कचेरीत जायचं म्हटलं तर घरातनं कधी निघता, परत कधी येता? बाया निम्म्या तेलुगूत, निम्म्या मराठीत बोलायच्या आणि अक्का त्यांच्याच बोलीत पुढचा प्रश्न करायची. माझ्या घोषणांनी कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ह्या बाया साधं बसचं वेळापत्रक सांगता सांगता रडायच्या... हे सगळं साठवायला तिनं भंगारात निघालेला एक जुना सर्व्हर मिळवला, त्यात चार डिस्का बसवल्या आणि तो अप्पांच्या दुकानावरच्या खोलीत ठेवला. आमचं कार्यालय तेच, कारण निलंग्याकडची निवेदनं द्यायची ती लातूरच्या कचेरीत. फोनमध्ये जागा नसायची, म्हणून सर्व्हरवर उतरवलं की फोनमधलं आम्ही पुसायचो आणि पुढच्या गावाला जायचो. दुसरी प्रत काढायची, असं ती सारखं म्हणायची. कचेरीतली जिल्ह्याच्या मागणीवरची सुनावणी झाली की काढू, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही, पण त्या उन्हाळ्यात लोक पाण्याला कुलूप लावत होते. सोनं कपाटात आणि टिपाड कडीकुलपात. अप्पांकडे कुलूप लागेल अशी खोली एकच, आमच्या सर्व्हरची. अप्पांनी टँकरचं पाणी भरलेली दोन टिपाडं तिथं, मांडणीवर, सर्व्हरच्या बरोबर डोक्यावर ठेवून दिली. दुष्काळात कॉम्प्युटरवर पाणी सांडेल, अशी भीती कुणाला वाटणार? पाणी होतंच कुठं सांडायला! पण एक टिपाड तळाला चिरलं होतं. थेंब थेंब पाणी सर्व्हरच्या पाठीत उतरलं आणि मदरबोर्ड जळला. सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. अप्पा खाली बसून दोन्ही हातांनी फरशीवरचं पाणी फडक्यात टिपून बादलीत पिळत होते. पाणी वाचवत होते की तोंड लपवत होते, मला सांगता येणार नाही.

अक्का आली. लोह्याहून फोन आलाच होता, फक्त चहाचं बोलली नव्हती. तिनं सर्व्हरची पेटी उघडली, वास घेतला. ज्या कार्डाला चारही डिस्का जोडलेल्या होत्या ते कंट्रोलर कार्ड कोरडं होतं. डिस्काही ठीक होत्या. तिनं येताना कॉलेजातल्या मित्राकडून एक दुसरा पीसी आणला होता. त्यावर तिच्या आवडीची, युनिक्सच्या घराण्यातली, मशीन चालवणारी फुकटची सिस्टीम घातलेली, पण नवीन आवृत्तीची. कार्ड त्यात बसवलं, बटण दाबलं. पडद्यावर आधी कार्डाचा स्वतःचा मजकूर आला. चार डिस्का, चारही शाबूत. अप्पांनी हात जोडले. मग सिस्टीम सुरू झाली आणि तिला एकही डिस्क दिसेना.

मी तडकलोच. "आत्ता तर दाखवत होतं! असून नाही म्हणतंय? हे काय तहसील हाय का?" अप्पांनी पुन्हा बटण दाबलं आणि कार्डाच्या मेन्यूत शिरले. तिथं नव्यानं डिस्का मांडायच्या का, असं काहीसं विचारलेलं. अप्पा म्हणाले, "अक्का, हे इचारून राहिलंय. हो म्हणू का?" अक्का एवढ्या जोरात ओरडलेली मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकली नाही. "हात काढा अप्पा!" अप्पांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. हो म्हटलं असतं, तर कार्डानं जुनं सगळं विसरून चार कोऱ्या डिस्का आमच्या हातावर ठेवल्या असत्या. ती लगेच मऊ झाली. "अप्पा, तुमी पायपांचं बघा. ह्याचं मी बघते."

मग तिनं मला खुर्चीवर बसवलं. स्वतः नाही बसली. "कार्ड हाय, डिस्का हायत. पण सिस्टीमला कार्डाची भाषा येत न्हाई. मधी दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. देगलूरच्या बाजारात माझा बाप करायचा तेच काम." मशीनला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी तिनं मला काढायला लावली. ज्या वस्तूचा ताबा कुठल्याच ड्रायव्हरनं घेतलेला नसतो, तिच्यापुढे ती सिस्टीम 'कुणी नाही' अशा अर्थाचा शब्द टाकते. आमचं कार्ड तिथं होतं. कंपनीचं नाव होतं, नंबर होता, आणि पुढं कुणी नाही. ती म्हणाली, "जुन्या कार्डांचे ड्रायव्हर आता सिस्टीमच्या गाभ्यात ठेवत न्हाईत. बाजूला ठेवतात. ज्याला पाहिजे त्यानं मागायचा." मी म्हणालो, आपल्या गावांसारखंच की. ती म्हणाली, "पुढारी, भाषण नंतर. टाईप कर."

आधी ड्रायव्हर हातानं चढवला. पडद्यावर ओळी धावल्या, डिस्का उमटल्या. मी उठून उडी मारणार तर तिनं खांदा दाबला. "फक्त वाचायला उघड. लिहायची परवानगी देऊ नको आत्ताच." फाईली होत्या, गावांच्या नावांनिशी. अप्पा रडायला लागले. तिला तेवढ्यानं पुरत नव्हतं. "एकदा चाललं म्हणजे चाललं असं नसतं." मशीन सुरू होताना आधी जी सेटिंगची फाईल वाचतं, तिच्यात तिनं मला एक ओळ लिहायला लावली. ड्रायव्हरचं नाव, त्यापुढे लोड, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात येस. "आता बंद कर. परत चालू कर. मी नसताना हे असंच उठलं पाहिजे." मी म्हणालो, तू कशाला नसशील? ती म्हणाली, "गाडी चुकली तर?" मग तिनं एक फाईल उघडायला लावली. "डिस्क दिसली म्हणून आवाज आला असं समजू नको. कानानं ऐक." मी अर्धं मिनिट ऐकलं. तिचाच प्रश्न होता, नाव सांगा. ती म्हणाली, "झालं. आता चहाचं बघा."

सुनावणीसाठी तिनं रेकॉर्डिंगांच्या प्रती काढल्या. त्यांतून स्वतःचे सगळे प्रश्न कापले. मी विचारलं, कशाला? "साहेबांनी लोकांचं ऐकावं. माझं कशाला?" साहेबांनी दोन बायांचं ऐकलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, हे सगळं लेखी द्या. लेखी! ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं! मी टेबलावर हात आपटला. अक्कानं माझी बाही धरून मला बाहेर काढलं. पायऱ्यांवर अप्पा सांगत होते, लातूरसुद्धा एके काळी नवा जिल्हाच होता, तेव्हा त्यांनी दुकानात पेढे वाटले होते, होईल, हाही होईल. अक्का म्हणाली, "अप्पा, ह्या वेळी पेढ्याऐवजी पाणी वाटा." अजून जिल्हा झालेला नाही. विचाराधीन आहे.

त्यानंतर ती थोडेच शनिवार आली. शेवटच्या वेळी अंग दुखतंय म्हणाली, गोळी घेतली, आणि लवकरची गाडी धरली. पोचल्याचा फोन केला होता. मी कुठल्यातरी बैठकीत होतो... पोचली एवढंच ऐकलं आणि बरं म्हणालो.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी लाईटच्या झटक्यानं त्या पीसीतली सिस्टीम बसली. अप्पा म्हणाले, जाऊ दे, प्रती आहेत की. प्रती होत्या. पण प्रतींत अक्का नव्हती. तिनं स्वतःच्या हातानं स्वतःला कापून काढलं होतं. तिचा आवाज जगात कुठं उरला असेल तर त्या चार डिस्कांवर.

भर दुपारी मी एकटा त्या खोलीत बसलो. मांडणीवर आता टिपाडं नाहीत. सिस्टीम नव्यानं घातली. यादी काढली. कार्ड होतं, पुढं कुणी नाही. ड्रायव्हर चढवला. फक्त वाचायला उघडलं. फाईलमध्ये ती ओळ लिहिली. बंद केलं, परत चालू केलं. ती नव्हती, तरी ते उठलं. डिस्कांचा गुरगुराट सुरू झाला आणि मी एकाएकी घाबरलो, कारण आता एकच काम उरलं होतं. कानानं ऐकणं.

हाताला आली ती फाईल उघडली. देगलूरकडच्या एका गावातली म्हातारी. अक्का विचारते, नाव सांगा मावशी. मावशी नाव सांगत नाही, उलट विचारते, "तू कुठली गं?" "देगलूरची. आता नांदेडला ऱ्हाते." "तिकडं तरी हाय का पाणी?" अक्का हसते. तिच्या हसण्यात थोडी शरम आहे, पाणी असल्याची. "हाय मावशी. टिपाड भरून ठेवलंय."

"झाकून ठेव गं बाई."

"हाव मावशी, ठेवते," अक्का म्हणते. "आता तुमचं सांगा. पाणी कुठनं आणता?"