केसातली पिन

आज सकाळी चटणी वाटताना मिक्सरच्या वायरचा जळका वास आला आणि बटण बंद करायचं सोडून मी अंगणात पळाले. सून हसली. हा वास मी कुठं घेतलाय, हे तिला कुठं ठाऊक!

तेव्हा आमच्याकडं जुना पिकअप होता. कापूस भरून आम्ही दोघं नवराबायको हदगावच्या बाजाराला निघालो होतो. वाटेत हॉर्न आणि दिव्यांचा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला, तेव्हा हे वैतागले. "तुझ्या केसातली पिन दे इकडं." मी दिली. यांनी ती फ्यूजच्या जागी खोचली आणि हॉर्न खणखणीत वाजला. "बघ, आता उडायचं नाव घेत न्हाई!" मला तर लई अभिमान वाटला.

थोडं पुढं गेलो तर पायाशी धूर आणि हाच जळका वास. "इंजिन तापलं असंल," हे म्हणाले, आणि तेवढ्यात डॅशबोर्डातून जाळ निघाला. आम्ही कशाबशा उड्या टाकल्या. वळून बघेस्तोवर मागचा कापूस भडकला होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक सांगाड्यात वाकून बघत होता. "वैनी, आत वायर सोलली होती. फ्यूज उडून उडून तुमाला वाचवून राहिला होता." मग त्यानं काहीतरी उपसून माझ्या तळहातावर ठेवलं.

माझी पिन. काळी पडलेली, पण शाबूत.