पाच ठिपके आणि जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात. तळमजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, त्यामागे कापडांचे ढीग आणि ढिगांच्या पलीकडे कॉटवर भावोजी. वरच्या मजल्यावर आम्ही. खालचा आवाज थांबला की मी ओळखते, गिऱ्हाईक आलंय आणि त्याची आता खैर नाही. मागे एक बाई ड्रेस घट्ट झाला म्हणून कुरकुरत आली. "कापड कमी पडलं का हो?"

"कापड होतं तेवढंच आहे. तुम्ही वाढलात."

ती बाई हसत सुटली आणि आणखी एक ड्रेस शिवायला टाकून गेली. जाऊबाईंचं बोलणं कुणाला लागत नाही, कारण त्या स्वतःलाही सोडत नाहीत.

लग्न होऊन आल्या तेव्हा घरात कमावणारं कुणी धड नव्हतं. त्यांनी शाळेचे गणवेश शिवून शिवून धाकट्या दिराला, म्हणजे आमच्या ह्यांना, शिकवलं. हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत, आमचे हेच सांगतात. दुसऱ्याकडे काही मागायचा त्यांचा स्वभावच नाही. वाटीभर साखर उसनी आणायची तरी मला पाठवतात.

भावोजींच्या किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागतं. दोघं पहिल्या बसने शहरात जातात आणि दिवेलागणीला परत येतात. येताना भावोजींचा चेहरा पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा असतो. आणि ही बस पकडतात कुठून? तर आमच्याच सरकारी दवाखान्याच्या कुंपणापासून. त्या दवाखान्यात डायलिसिसची दोन नवी कोरी यंत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहेत. चालवायला तंत्रज्ञ नाही, कारण तंत्रज्ञाचं पद राज्य सरकारच्या अंदाजपत्रकात मंजूर नाही. यंत्रं घ्यायचं सुचलं, पण ती चालवायला माणूस लागतो हे सुचलं नाही. अशा डोक्यांच्या हाती आपण जीव देऊन बसलोय.

यंदा सरकारने जाहीर केलं की अंदाजपत्रक लोकांना विचारून करणार, त्यासाठी ठिकठिकाणी सभा घेणार. जाऊबाईंनी त्या दिवशी हातातलं काम तसंच टाकलं. मला म्हणाल्या, "तू देवाला सांग, मी साहेबाला सांगते. बघू कोण आधी ऐकतंय."

"देवाशी अशी शर्यत लावू नये, जाऊबाई."

"मग साहेबाकडे पण तूच चल."

जन्मात पहिल्यांदा त्या मागायला निघाल्या, तेही दारोदार. गल्लीतल्या एकेकीला त्यांनी समजावून सांगितलं, की आपल्याला दवाखान्यात यंत्रावर माणूस हवाय, सभेला या. सगळ्या आल्या.

आम्हाला वाटलं होतं, बोलायला मिळेल. कसलं बोलायला? चिकटवायला बोलावलं होतं. सभागृहात भिंतीला पाच फलक टांगलेले: रस्ते, शाळा, आरोग्य, पथदिवे आणि नदीकाठची बाग. प्रत्येकाच्या हातात पाच रंगीत ठिपके दिले आणि सांगितलं, जे महत्त्वाचं वाटतं त्यावर लावा. आरोग्याच्या फलकावर हसऱ्या नर्सचं चित्र होतं. जाऊबाईंनी तिथल्या मुलीला विचारलं, "यात यंत्रावरचा माणूस आहे ना?"

"काकू, हे एकंदर आरोग्य आहे. बारीकसारीक पुढे ठरेल."

बारीकसारीक म्हणे.

आमच्या बायकांची गंमत अशी, की समोर माणूस उभा असला की त्यांना नाही म्हणता येत नाही. प्रत्येक फलकापाशी एकेक मुलगा नाहीतर मुलगी उभी, "काकू, आमच्याकडे एक द्या ना" असं लाडीगोडीने म्हणणारी. मग दिला एक रस्त्याला, एक दिव्यांना, एक बागेला. मीसुद्धा पाच जागी पाच लावले. रोज प्रार्थनेत सगळ्यांचं भलं मागते, तेव्हा एकाला देऊन चौघांना डावलायला हात होईना. खुद्द जाऊबाईंनी चार आरोग्याला लावले आणि पाचवा शाळेला. "शाळेने मला जगवलंय, तिच्यासमोरून तशीच कशी जाऊ?"

नदीपलीकडच्या बंगल्यांतून मात्र दोन बसगाड्या भरून लोक आले होते. ते थेट बागेच्या फलकाशी गेले, पाचच्या पाच ठिपके लावले, चहा प्यायले आणि निघाले.

बाग पहिली आली. आरोग्य चौथं.

"अगं, पाचही तिथेच लावायचे होते," जाऊबाई शेजारणीला म्हणाल्या.

"ती पोरगी तोंडाकडे बघत होती हो. कसं नाही म्हणायचं?"

जाऊबाई सरळ व्यासपीठापाशी गेल्या. सभा घेणारे साहेब कागद आवरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "काकू, हे लोकांनीच ठरवलंय. आम्ही कोण ठरवणारे?"

"नवऱ्याचं रक्त कुठे साफ करायचं ते मी लोकांना विचारायला आले नव्हते. तुम्हाला सांगायला आले होते."

"पुढच्या वर्षी जरा जोर लावा."

मी कुणाला शिव्याशाप देत नाही. पण त्या दिवशी प्रार्थनेत सगळ्यांचं भलं मागताना साहेबाला वगळलं. बाकडी आणि कारंजी एका पारड्यात, आजारी माणूस दुसऱ्या पारड्यात, आणि तराजू आमच्याच हातात देऊन हे बाजूला उभे. ठिपके आमचे होते, पण फलक कुणी लिहिले? तंत्रज्ञ हा शब्द पाचांपैकी एकाही फलकावर नव्हता. म्हणजे ठरवायचं ते आधीच ठरवून झालं होतं, आम्हाला बोलावलं फक्त सही-शिक्क्यापुरतं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. महिन्याभरात दवाखान्याच्या कुंपणावर भलामोठा फ्लेक्स लागला. वर अक्षरं, 'आमचं अंदाजपत्रक, आमचा निर्णय'. खाली ठिपका चिकटवणाऱ्या जाऊबाई, तोंडभर हसणाऱ्या. आम्हाला कळलंच नव्हतं फोटो कधी काढला ते. बसची वाट बघत भावोजी त्याच्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "लग्नातसुद्धा इतकी हसली नव्हतीस." जाऊबाई बस येईपर्यंत फ्लेक्सकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या स्टूल आणि मोठी कात्री घेऊन निघाल्या. मी मागोमाग. स्टूलवर चढून त्यांनी फ्लेक्समधून स्वतःला कापायला घेतलं, खांद्याशी वळण देत, कानाशी बारीक होत, अगदी मापाने. दवाखान्याचा वॉचमन धावत आला.

"ओ मावशी, सरकारी माल आहे तो."

"कापड सरकारचं असेल. तोंड माझं आहे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि स्टूल धरून उभा राहिला, पडू नयेत म्हणून.

चार दिवसांनी सरकारी माणूस घरी आला, नुकसानभरपाईची भाषा करत. जाऊबाई मशीनवरून उठल्या नाहीत. कापलेला तुकडा भावोजींच्या कॉटमागे गुंडाळून ठेवला होता, त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यंत्रावर माणूस पाठवा. ज्या दिवशी ह्यांना तिथे झोपवाल, त्या दिवशी येऊन तोंड परत शिवून देते. शिलाई घेणार नाही."

तो माणूस गेला तो अजून आलेला नाही. फ्लेक्स तसाच आहे. मधल्या भोकातून दवाखान्याची बंद खिडकी दिसते, आणि बसला थांबलेले लोक विचारतात, इथे कोण होतं? जाऊबाई प्रत्येकाला सांगतात, यंत्रांपासून सुरुवात करून, बस येईपर्यंत.